आधी बिघाडाची जागा, मग रोगाचे नाव

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकात पाळीव प्राण्यांच्या आणि पशुधनाच्या आरोग्याविषयी अधूनमधून जो मजकूर प्रसिद्ध होतो, तो मी आवर्जून वाचते. लसीकरण, जंतनाशके, आहार, गाभण जनावराची निगा अशा विषयांवर त्यातून चांगली माहिती मिळते. मेंदू आणि मज्जारज्जूच्या आजारांचा विषय निघाला की मात्र बहुतेक लिखाण ‘प्राण्याला लकवा झाला’ किंवा ‘डोक्यात ताप गेला’ अशा वाक्यांपाशी थांबते आणि तेथून थेट औषधांकडे वळते. मधली एक पायरी वाचकांपर्यंत पोहोचतच नाही. ती म्हणजे, प्राण्यात दिसणाऱ्या लक्षणांवरून बिघाड मज्जासंस्थेच्या नेमक्या कोणत्या भागात आहे हे ठरवणे. पशुवैद्यकीय व्यवसायात अनेक वर्षे काढल्यावर माझे ठाम मत झाले आहे, की ही पायरी गाळल्यामुळे बरे होऊ शकणारे कितीतरी प्राणी योग्य उपचारांवाचून राहतात. म्हणून तिच्याविषयी थोडे विस्ताराने लिहीत आहे.

कुत्र्याचे मागचे दोन्ही पाय अचानक गेले, असे धरू. पाठीच्या मणक्यांमधली गादी फुटून मज्जारज्जूवर दाब आलेला असू शकतो. त्याच गादीचा सूक्ष्म कण रक्तवाहिनीत अडकून मज्जारज्जूच्या एका भागाचा रक्तपुरवठा तुटलेला असू शकतो. मणक्यात जंतुसंसर्ग किंवा गाठ असू शकते, किंवा दोष मज्जारज्जूत नसून त्यातून बाहेर पडणाऱ्या नसांमध्ये असू शकतो. मांजराचे मागचे पाय असेच एकाएकी गेले, तर कित्येकदा मज्जासंस्था मुळात निर्दोष असते आणि हृदयातून सुटलेली रक्ताची गुठळी महाधमनीच्या टोकाशी अडकलेली असते. अशा मांजराचे पाय थंड लागतात, पंजाचे तळवे फिकट किंवा निळसर दिसतात आणि मांडीच्या आतल्या बाजूला नाडी लागत नाही. पाहणारा या सगळ्यांचे वर्णन ‘मागचे पाय लुळे पडले’ एवढेच करील, पण प्रत्येकाचा उपचार निराळा, निकड निराळी आणि बरे होण्याची शक्यताही निराळी. जागा न ठरवता दिलेली जीवनसत्त्वाची किंवा स्टेरॉइडची इंजेक्शने यांतल्या एकाही प्रश्नाचे उत्तर देत नाहीत. उलट स्टेरॉइडमुळे काही वेळा चित्र तात्पुरते बदलते आणि पुढच्या डॉक्टरांचे काम अवघड होऊन बसते.

मज्जासंस्थेची रचना ठरलेली असते. कोणता तंतू कोठून निघतो, कोठे बाजू बदलतो आणि कोणत्या केंद्राची आज्ञा कोणत्या स्नायूला पोहोचते, हे कुत्रा, मांजर, गाय, मेंढी, घोडा या सर्वांमध्ये थोड्याफार फरकाने सारखे आहे. त्यामुळे एखादी जागा बिघडली की तेथून होणारी कामे बंद पडतात आणि बाकीची चालू राहतात. तपासणाऱ्याने बंद पडलेल्या कामांइतकेच चालू राहिलेल्या कामांकडेही लक्ष द्यावे लागते, कारण संशयाचा घेरा आक्रसतो तो बऱ्याचदा त्यांच्यामुळेच. ही सर्व तपासणी डोळे, हात, छोटा टॉर्च, रबरी हातोडी आणि चिमटा एवढ्या साधनांवर होते आणि सवयीच्या माणसाला पंधरा-वीस मिनिटे पुरतात.

तपासणीचा पहिला भाग हात न लावता करायचा असतो, आणि घाईच्या दवाखान्यात नेमका तोच वगळला जातो. प्राणी शुद्धीवर आहे का, मालकाच्या आवाजाला प्रतिसाद देतो का, डोके तिरके धरतो का, एकाच दिशेला वळत राहतो का, भिंतीला डोके टेकून उभा राहतो का, हे सारे तो मोकळा फिरत असतानाच कळते. मग चाल पाहायची. लंगडणारा प्राणी दुखरा पाय टेकायचे टाळतो, पण त्याची पावले नेमाने पडतात. अशक्त प्राण्याचा पाय वजनाखाली खचतो किंवा नखे घासत पुढे येतो. तोल गेलेल्या प्राण्याच्या पायात ताकद असते, मात्र पाऊल कोठे पडेल याचा भरवसा नसतो. पाय कधी एकमेकांत अडकतात, कधी फाकतात. हे तीन प्रकार वेगळे ओळखता आले की अर्धे काम झाले, असे मी माझ्याकडे शिकायला येणाऱ्या तरुण डॉक्टरांना नेहमी सांगते.

माणसांतल्या अर्धांगवायूची कल्पना प्राण्यांना जशीच्या तशी लावल्याने पुष्कळ घोटाळा होतो, म्हणून त्याविषयी दोन शब्द. १८७० साली गुस्ताव फ्रिट्श आणि एडुआर्ड हिट्झिग या जर्मन संशोधकांनी कुत्र्याच्या मोठ्या मेंदूच्या पृष्ठभागाला सौम्य विद्युतप्रवाह देऊन शरीराच्या विरुद्ध बाजूचे स्नायू हलवून दाखवले होते. म्हणजे मेंदूची एक बाजू शरीराच्या दुसऱ्या बाजूवर हुकमत चालवते, हे कुत्र्यातही खरे आहे. तरीही चतुष्पाद प्राण्यांत चालण्याची लय मुख्यतः ब्रेनस्टेम (मेंदूला मज्जारज्जूशी जोडणारा देठासारखा भाग) आणि मज्जारज्जू सांभाळतात. त्यामुळे मोठ्या मेंदूच्या एका बाजूला बरीच इजा झाली तरी कुत्रा काही दिवसांत जवळजवळ नीट चालू लागतो, आणि ‘चालतो आहे, म्हणजे मेंदू ठीक आहे’ असा समज घरच्यांचा होतो, क्वचित डॉक्टरांचाही. अशा वेळी एक साधी चाचणी उपयोगी पडते. कुत्र्याला पोटाखाली हाताचा आधार देऊन उभे करायचे आणि एकेक पंजा असा उलटा टेकवायचा की पंजाची वरची बाजू जमिनीला लागेल. निरोगी कुत्रा क्षणात पंजा सरळ करतो, काही तर तो उलटा टेकूच देत नाहीत. ज्या पायाची जाणीव मेंदूपर्यंत पोहोचत नाही किंवा ज्याला मेंदूची आज्ञा मिळत नाही, तो पंजा तसाच उलटा राहतो आणि कुत्र्याला त्याचा पत्ताही नसतो. चाल बरी, पण डाव्या बाजूचे दोन्ही पंजे उलटे राहतात, आणि डावीकडून हात डोळ्याजवळ नेला तरी पापणी मिटत नाही, असे दिसले तर बोट उजव्या मोठ्या मेंदूकडे जाते. त्यात झटके येणे, स्वभाव पालटणे, ओळखीच्या घरात कोपऱ्यात अडकून राहणे, बिघाडाच्या बाजूकडे मोठ्या घेराचे फेरे मारणे यांची भर पडली की शंकेला फारशी जागा उरत नाही.

डोळ्यांच्या तपासणीतून किती कळू शकते, याचे मला सर्वांत लख्ख वाटणारे उदाहरण आंधळ्या वासराचे आहे. वासरू वस्तूंवर आदळते, समोरून हात नेला तर पापणी मिटत नाही, पण डोळे वरवर स्वच्छ दिसतात. आता टॉर्चचा उजेड डोळ्यात टाकायचा आणि बाहुली आकुंचन पावते का ते पाहायचे. पावत असेल, तर नेत्रपट, दृष्टिचेता (डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस) आणि ब्रेनस्टेमपर्यंतची वाट शाबूत आहे आणि आंधळेपण मोठ्या मेंदूतले आहे. थायमिन या जीवनसत्त्वाच्या अभावाने किंवा गंधक जास्त पोटात गेल्याने मेंदूचा पृष्ठभाग मऊ पडण्याचा जो विकार रवंथ करणाऱ्या जनावरांत होतो, त्यात असेच घडते, आणि शिशाच्या विषबाधेतही. बाहुली मोठीच राहिली आणि उजेडाला दाद देत नसेल, तर बिघाड डोळ्यात किंवा दृष्टिचेतेत. वाढत्या वासरांत ‘अ’ जीवनसत्त्वाची दीर्घकाळ कमतरता राहिली की दृष्टिचेता ज्या हाडाच्या वाटेने जाते ती अरुंद होऊन चेता दाबली जाते, आणि तसे आलेले अंधत्व सहसा परत जात नाही. पहिल्या गटातल्या थायमिनच्या विकारावर मात्र वेळेत शिरेतून थायमिन दिले तर जनावर एक-दोन दिवसांत सुधारू लागते. एका टॉर्चवर हा निवाडा होतो आणि त्यासाठी प्रयोगशाळेच्या अहवालाची वाट पाहावी लागत नाही. एक पथ्य मात्र पाळावे: डोळ्याजवळ हात नेल्यावर पापणी मिटण्याची क्रिया जन्मजात नसते, ती शिकली जाते. पिल्लांना त्यासाठी काही आठवडे लागतात, आणि तेवढ्यावरून लहान पिल्लाला आंधळे ठरवू नये.

ब्रेनस्टेमच्या बिघाडात चित्र बदलते. चेहरा, जीभ, जबडा, गिळणे, डोळ्यांच्या हालचाली आणि तोल सांभाळणाऱ्या बहुतेक चेता, म्हणजे नसा, येथूनच निघतात, आणि जागेपण टिकवणारी यंत्रणाही येथेच आहे. त्यामुळे प्राणी मलूल होतो, बिघाडाच्याच बाजूच्या एकदोन चेता निकामी होतात आणि त्याच बाजूचे पाय अशक्त होतात. मेंढी-शेळ्यांत आणि गाईंत लिस्टेरिया या जिवाणूमुळे होणारा मेंदूचा आजार याचा ठळक नमुना आहे. एकच कान लोंबतो, त्याच बाजूची पापणी खाली येते, ओठ सैल पडतो, गालात रवंथ साठून राहतो, लाळ गळते आणि जनावर एकाच दिशेला फिरत राहते. नीट न मुरलेल्या किंवा बुरशी आलेल्या मुरघासाशी या आजाराचा संबंध वारंवार आढळतो. सुरुवातीलाच भरपूर मात्रेत प्रतिजैविके दिली तर काही जनावरे वाचतात, आडवे पडल्यावर आशा फार कमी राहते. केवळ ‘फिरते आहे’ या एका लक्षणावर थांबले तर हा आजार, मेंढीच्या मेंदूत फीतकृमीच्या अळीची पाण्याची गाठ होण्याचा आजार आणि कानाचा संसर्ग हे तिन्ही सारखेच भासतात. पाण्याच्या गाठीच्या बाबतीत तर जागा ठरवण्यावर प्रत्यक्ष शस्त्रक्रिया अवलंबून असते. गाठ कवटी उघडून काढता येते, पण कवटी कोणत्या बाजूला आणि कोठे उघडायची हे फेऱ्यांची दिशा, कोणत्या डोळ्याला दिसत नाही आणि कोणते पाय अडखळतात यांवरूनच बहुधा ठरवावे लागते.

लहान मेंदूचा बिघाड ओळखायला तुलनेने सोपा. ताकद पुरेपूर असते, पण हालचालीचे माप चुकते. पाय गरजेपेक्षा उंच उचलला जातो आणि आपटतो, अन्नाच्या ताटलीकडे तोंड नेताना डोके थरथरू लागते आणि स्वस्थ पडल्यावर ती थरथर थांबते. गाभण मांजरीला पॅनल्युकोपेनिया या विषाणूजन्य रोगाचा संसर्ग झाला तर काही पिल्ले अशीच जन्माला येतात, आणि गाभण गाईला बीव्हीडी या गुरांतल्या जुलाबाच्या विषाणूची लागण झाल्यास वासरांतही हे आढळते. अशा मांजराच्या पिल्लाला वेदना नसतात, त्याचा दोष पुढे वाढत नाही आणि सुरक्षित घरात ते पूर्ण आयुष्य जगू शकते. त्याला ‘मेंदूचा असाध्य रोग’ ठरवून संपवण्याचा सल्ला दिला जातो, तेव्हा मला फार वाईट वाटते.

तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेविषयी मला अधिक कळकळीने लिहावेसे वाटते, कारण तेथे होणारी गफलत थेट जिवावर बेतते. म्हातारा कुत्रा सकाळी उठतो तो मान तिरकी करून, एका कुशीवर कोलमडतो, डोळे भिरभिरत असतात, उलट्या होतात. घरच्यांना वाटते की मेंदूत रक्तस्राव झाला आणि आता सारे संपले. काही जण त्याच दिवशी त्याला कायमचे झोपवण्याची विनंती करतात. तेव्हा डॉक्टरांनी पाहायचे ते एवढेच: कुत्रा शुद्धीवर आणि सजग आहे का, आधार देऊन उलटे टेकवलेले पंजे तो लगेच सरळ करतो का, आणि डोळ्यांचे भिरभिरणे आडवे किंवा गोल फिरणारे आहे की वर-खाली. सजग कुत्रा, चारही पंजांची जाणीव शाबूत, भिरभिरणे आडवे आणि पाठीवर झोपवल्यावरही त्याची दिशा कायम, असे असेल तर बिघाड मेंदूत नसून आतल्या कानात किंवा तेथून निघणाऱ्या चेतेत असण्याची शक्यता खूप मोठी. वृद्ध कुत्र्यांत हा प्रकार कोणत्याही उघड कारणाशिवाय होतो, दोन-तीन दिवसांत उतरू लागतो आणि बहुतेक कुत्री दोन ते तीन आठवड्यांत पूर्ववत फिरू लागतात. मान थोडी तिरकी राहिली तरी त्यांचे काही अडत नाही. त्याच बाजूचा चेहरा लुळा पडला असेल किंवा बाहुली बारीक होऊन तिसरी पापणी वर आली असेल, तर मध्यकर्णाचा संसर्ग शोधावा, कारण या चेता तेथून जवळूनच जातात.

याउलट भिरभिरणे वर-खाली असेल, डोक्याची स्थिती बदलताच त्याची दिशा पालटत असेल, प्राणी गुंगीत असेल किंवा एका बाजूचे पंजे उलटे राहत असतील, तर बिघाड मेंदूतच आहे असे धरून चालावे. येथे एक अपवाद ध्यानात ठेवण्याजोगा आहे. सामान्यतः मान बिघाडाच्या बाजूला झुकते, परंतु लहान मेंदूच्या विशिष्ट भागात दोष असेल तर ती उलट बाजूला झुकते. मान एक बाजू दाखवते आणि पंजे दुसरी, अशा वेळी पंजांवर विश्वास ठेवावा. आणि कोणती औषधे चालू आहेत ते अवश्य विचारावे. मेट्रोनिडॅझोल हे जुलाबावर सर्रास दिले जाणारे औषध मोठ्या मात्रेत किंवा दीर्घकाळ दिले गेल्यास कुत्र्यात हेच चित्र उभे करते, आणि ते थांबवल्यावर कुत्रा सहसा बरा होतो.

आता मज्जारज्जू. येथे सर्व काही दोन प्रकारच्या चेतापेशींतला फरक ओळखण्यावर उभे आहे. स्नायूला थेट आज्ञा देणारी पेशी मज्जारज्जूत असते. ती किंवा तिचा तंतू गेला की स्नायू ढिला पडतो, प्रतिक्षिप्त क्रिया नाहीशी होते आणि एक-दोन आठवड्यांतच मांस झडू लागते. तिच्यावर मेंदूकडून येणारी वाट तुटली, तर पाय हुकूम मानत नाही, पण प्रतिक्षिप्त क्रिया टिकून राहते किंवा वाढते आणि स्नायू ताठर होतो. पुढच्या पायांना चेता पुरवणारा भाग मानेच्या तळाशी, मागच्या पायांना पुरवणारा कमरेत. चारही पाय अशक्त आणि चारही ताठर, तर बिघाड मानेच्या वरच्या भागात. पुढचे ढिले व मागचे ताठर, तर मानेच्या तळाशी. पुढचे अगदी ठीक व मागचे ताठर, तर पाठीत. मागचेच तेवढे ढिले, तर कमरेत. इतक्या सरळ हिशेबावर लाखमोलाचा निर्णय होतो. फक्त मज्जारज्जूचे खंड आणि त्याच क्रमांकाचे मणके एका रेषेत नसतात, हे विसरू नये. कुत्र्यात शेपटीकडील खंड कमरेच्या पाचव्या मणक्याच्या आसपासच संपत आलेले असतात, आणि हे लक्षात न घेता काढलेला एक्स-रे भलत्याच मणक्याचा निघतो.

पाठीतली जागा आणखी बारकाईने सांगणारी एक चाचणी आहे. कुत्र्याला उभे किंवा पोटावर बसते ठेवायचे आणि कण्याच्या दोन्ही बाजूंची कातडी चिमट्याने कमरेपासून पुढे पुढे हलकेच दाबत जायची. निरोगी प्राण्यात माशी बसल्यावर थरकावी तशी पाठीची कातडी थरकते. मज्जारज्जूत बिघाड असेल तर मागच्या भागात काहीच होत नाही, आणि एका रेषेपाशी आल्यावर कातडी एकदम थरकते. बिघाड त्या रेषेच्या किंचित पुढे, साधारण एक ते चार मणक्यांच्या अंतरात सापडतो. ती रेषा पेनाने कातडीवर आखून ठेवावी. दुसऱ्या दिवशी ती डोक्याच्या दिशेने सरकलेली आढळली, तर मज्जारज्जू पुढे पुढे नासत चालल्याची भीती असते आणि कुटुंबाला ते स्पष्ट सांगावे लागते.

वेदनेची तपासणी शेवटी ठेवायची, कारण एकदा दुखावलेला प्राणी पुढे साथ देत नाही. या तपासणीतला एक गैरसमज फार खोल रुजलेला आहे. बोट चिमटीत धरल्यावर पाय आखडला, की ‘पायात जाण आहे’ असे आनंदाने सांगितले जाते. पाय आखडणे ही कमरेतल्या मज्जारज्जूची स्वतंत्र प्रतिक्षिप्त क्रिया आहे आणि मेंदूशी संबंध पूर्ण तुटला तरी ती होते. जाण आहे असे म्हणायचे तर प्राण्याने मान वळवली पाहिजे, ओरडले पाहिजे, चावायला धावले पाहिजे, निदान धाप थांबवून बाहुल्या विस्फारल्या पाहिजेत. हा फरक एवढा महत्त्वाचा अशासाठी, की गादी फुटून पाय गेलेल्या कुत्र्यांत खोलवरच्या वेदनेची जाण शिल्लक असेल तर शस्त्रक्रियेनंतर दहांपैकी नऊ किंवा त्याहून अधिक कुत्री पुन्हा चालतात, आणि ती जाण गेलेली असेल तर हे प्रमाण निम्म्याच्या आसपास येते. तसेच पाठीला जबर मार लागलेल्या कुत्र्याचे पुढचे पाय कधी कधी काठीसारखे ताठ होतात आणि मानही दुखावल्याचा भास होतो. मोरिट्झ शिफ आणि चार्ल्स शेरिंग्टन या शरीरक्रियाशास्त्रज्ञांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या स्थितीत कमरेतून पुढच्या पायांकडे जाणारा लगाम तुटलेला असतो. पुढचे पाय स्वतः निरोगी असतात आणि आधार दिल्यास चालतात. केवळ ती दिसली म्हणून आशा सोडण्याचे कारण नाही.

घोड्यासारख्या मोठ्या जनावरात यांतल्या कित्येक चाचण्या करता येत नाहीत. तेथे त्याला लहान घेरात फिरवणे, चढ-उतारावर आणि डोके उंच धरून चालवणे, चालताना शेपटी बाजूला ओढून प्रतिकार पाहणे यांवर भिस्त ठेवावी लागते. मानेतल्या दाबामुळे घोड्याचे मागचे पाय पुढच्यांपेक्षा जास्त डळमळतात, आणि म्हणून दोष पाठीत शोधत राहण्याची चूक सहज होते.

एका जागेचा हा हिशेब प्रत्येक वेळी जुळत नाही, आणि न जुळणे हीच तेव्हा खूण असते. डिस्टेंपर हा विषाणूजन्य रोग झालेल्या कुत्र्याला झटके येतात, जबड्याचे किंवा पायाचे स्नायू झोपेतही तालात उडत राहतात आणि मागचे पायही दुबळे होतात. एवढे सगळे एका ठिकाणच्या बिघाडाने होत नाही. दोन्ही बाजूंना सारखी, येणारी-जाणारी, विशेषतः खाण्यानंतर वाढणारी गुंगी व भ्रमिष्टपणा दिसला तर मेंदूऐवजी यकृताकडे पाहावे.

न जुळणाऱ्या लक्षणांत सर्वांत घातक अर्थातच रेबीज. गाय लाळ गाळते, गिळत नाही, जबडा सैल वाटतो, म्हणून घशात काही अडकले असावे असे समजून हात आत घातला जातो. लसीकरणाची खात्री नसलेल्या आणि मज्जासंस्थेची लक्षणे दाखवणाऱ्या कोणत्याही जनावराच्या तोंडात उघडा हात घालू नये, मग लक्षणे कितीही साधी वाटोत. लाळेशी संपर्क आलाच तर जखम साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुऊन लगेच डॉक्टरांकडे जावे आणि लस घ्यावी. लक्षणे सुरू झाल्यावर या रोगावर उपाय नाही.

एमआरआय आल्यावर या जुन्या पद्धतीची गरज काय, असा प्रश्न मला विचारला जातो. एमआरआयसाठी प्राण्याला भूल द्यावी लागते आणि यंत्र जेथे रोखाल तेथलेच चित्र देते. मान तपासायची असताना कंबर तपासली, तर निर्दोष अहवाल हाती येतो आणि रोग तसाच राहतो. शिवाय वयस्क कुत्र्यांच्या चित्रांत एखाद-दुसरी सरकलेली गादी सापडतेच. ती आजच्या दुखण्याचे कारण आहे की जुनी निरुपद्रवी बाब, हे हाताने केलेल्या तपासणीशी पडताळल्याशिवाय सांगता येत नाही.

प्राणी पाळणाऱ्यांना माझे सांगणे थोडे आहे. झटका येत असताना प्राण्याच्या तोंडात हात किंवा वस्तू घालू नका. घड्याळ पाहा, मोबाईलवर चित्रण करा, आणि झटका ५ मिनिटांवर गेला तर तत्काळ दवाखाना गाठा. चाल बिघडल्याचे दिसताच निसरडी नसलेल्या जमिनीवर तो चालतानाचे बाजूने आणि मागून चित्रण करून ठेवा, कारण दवाखान्यात घाबरलेला प्राणी बऱ्याचदा वेगळाच वागतो. लक्षण एकाएकी आले की हळूहळू, पहिल्या दिवसानंतर वाढले की स्थिरावले, एका बाजूला आहे की दोन्ही, हे तारखेसह लिहून न्या. जागा ठरल्यावर कारण शोधताना डॉक्टरांना यावरच सर्वाधिक विसंबावे लागते: एका क्षणात आलेला, न दुखणारा आणि एक दिवसानंतर न वाढणारा एकांगी अशक्तपणा सहसा रक्तपुरवठा तुटल्याचा असतो, तर आठवड्यागणिक वाढत जाणारा बहुधा गाठीचा किंवा झिजेचा. मागचे पाय गेलेल्या कुत्र्याला मालिश करू नका, त्याला ओढून चालवू नका. फळीवर झोपवून न्या. उरलेली वेदनाशामके स्वतःच्या मनाने देऊ नका.

माझ्या व्यावसायिक बंधुभगिनींना एक विनंती. केसपेपरवर रोगाचे नाव लिहिण्याआधी एका ओळीत बिघाडाची जागा, बाजू आणि वेदनेची जाण आहे की नाही हे तारीख-वेळेसह लिहावे. प्राणी पुढे दुसऱ्या दवाखान्यात गेला, तर कालच्या आणि आजच्या स्थितीची तुलना करायला त्या डॉक्टरांच्या हाती ती ओळच असते, आणि शस्त्रक्रिया आज रात्री करायची की सकाळपर्यंत थांबता येईल हे तिच्यावर ठरते. आपल्या दैनिकाने प्राण्यांच्या आरोग्याविषयीच्या मजकुरात चाल, डोळे आणि पंजे यांचे घरी निरीक्षण कसे करावे याची सचित्र माहिती प्रसिद्ध केली, तर ती ओळ अधिक अचूक लिहिली जाईल. त्यासाठी लागणारा मजकूर तयार करून देण्यास मी आनंदाने तयार आहे.

आपली विश्वासू,
एक पशुवैद्यक